सटवाईच्या फाट्यावर

आमचा सोमू झोपला की मला भीती वाटायची. जागा असला की काही नाही. सव्वादोन वर्षांचं पोर, दिवसभर कोंबड्यांच्या मागं धावायचं, पाण्याच्या टाकीत चप्पल टाकायचं, आईच्या पदराला लोंबकळायचं. पण झोपला की घोरायला लागायचा, आणि घोरता घोरता मधेच आवाज बंद. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, बरगड्यांच्या खाली पोट खोल आत ओढलेलं, आणि हवा आत जाण्याचा आवाज काहीच नाही. मग एकदम दचकून खर्रकन श्वास घ्यायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. मी देवाला मानणारा माणूस आहे, पण खरं सांगतो, त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास पोराच्या श्वासाबरोबर थांबायचा आणि श्वासाबरोबरच परत यायचा.

मी मूळचा साताऱ्याकडचा, दुष्काळी माण तालुक्यातला. सातवीला शाळा सुटली ती सुटलीच. हाताला मशिनीचं काम लागलं आणि मामाच्या ओळखीनं इकडं वऱ्हाडात, तेल्हाऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आलो. लग्नानंतर बायकोलाही इकडंच आणलं. गावाकडं जायचं म्हणजे पुरा एक दिवस आणि एक रात्र लागते, त्यामुळं अडीअडचणीला आईबाप, सासूसासरे कुणी धावून येईल असं नव्हतं. आम्हाला जे काही होतं ते गोदामाय होती. आमची घरमालकीण. साठीच्या पुढची, माळ्याची बाई. घरामागच्या जागेत झेंडू, शेवंती लावायची आणि सकाळी चौकात हार विकायची. नवरा वारलेला, मुलगी परतवाड्याला दिलेली. तोंडानं फटकळ. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा गुमान उभा होतो, तर म्हणाली, "ओ सातारकर, तुमच्या गावाले पाणी नाही म्हणून बोलणं बी कोरडंच ठेवता का?" पण माझी बायको बाळंतपणात इथंच होती तेव्हा शेकशेगडी, आंघोळ, मेथीचे लाडू, सगळं तिनंच केलं. आपल्या आईनं केलं नसतं इतकं केलं.

हंगामात माझी ड्यूटी रात्रीची असते, म्हणून दुपारी मी घरी असतो. सोमूचा श्वास थांबताना मी पहिल्यांदा पाहिला तो एका दुपारीच. बायको धुणं वाळत घालत होती. मी घाबरून हाक मारली तर गोदामाय हातात सुईदोरा तसाच घेऊन आली. तेवढ्यात पोर दचकलं आणि पुन्हा घोरायला लागलं.

"काहून घाबरता बाप्पा?" ती म्हणाली. "सटवाई खेळवून राह्यली त्याले."

सटवाई म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पाचवीच्या रात्री येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते ती देवी. लेकरू झोपेत हसलं की सटवाईनं हसवलं, रडलं की तिनंच रडवलं, असं आमच्या माणदेशातही म्हणतात. मी उचलायला हात पुढं केला तर गोदामायनं माझं मनगट धरलं. "हात नोका लावू. ते खेळवत असली की मंधात पडू नये. कोपते."

मग आम्ही हात लावला नाही. आठ महिने लावला नाही. श्वास थांबला की आम्ही दोघं नवराबायको हात जोडून पाळण्याच्या दोन बाजूंना बसायचो आणि तो पुन्हा सुरू झाला की सटवाईला नमस्कार करायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, आजोबासारखा घोरतो, गाढ झोपेचा आहे, नशीबवान आहे. मला मात्र आतून ते पटत नव्हतं. मी मशिनीवरचा माणूस. जिनिंगच्या खोलीत वीस मशिनी चालू असतात, त्यातली एक जरी अडखळली तरी मला पाठमोरं असताना कळतं आणि मी हातातला चहा टाकून पळतो. तोच कान घरी होता. पण देवीचा खेळ म्हटल्यावर मी त्या कानावर बोळा घातला. खोटं कशाला सांगू, मला ते मानायला सोपं जात होतं. देवी खेळवतेय म्हटलं की पोराला काही झालेलं नाही असं वाटायचं.

एकदा दवाखान्यात नेलं नाही असं नाही. पण तिथं पोर जागं होतं, डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन ओढत होतं, हसत होतं. सर्दी आहे म्हणाले, नाकात टाकायचे थेंब दिले. चार दिवस बरं वाटलं आणि मग जास्तच वाढलं. झोपेत घामानं उशी भिजायची. आडवं निजवलं की उठून बसायचा आणि बसल्या बसल्या मान टाकून झोपायचा. दिवसा चिडचिड, घास तोंडात धरून पेंगायचा. वजन वाढेना.

तेव्हा गोदामाय नवस बोलली. अकोल्याच्या रस्त्यावर एका फाट्याला निंबाच्या झाडाखाली सटवाईचं ठाणं आहे, तिथं लाकडी पाळणा वाहते म्हणाली. सुताराकडून वीतभर पाळणा करून घेतला, बायकोनं त्याला लाल-हिरवा रंग दिला. पण हंगाम चालू, मला सुट्टी मिळेना. पाळणा महिनाभर देवापुढं पडून राहिला. त्या महिन्यात माझं आणि देवीचं रोज भांडण व्हायचं. मी मनात म्हणायचो, बाई, खेळवतेस का छळतेस ते एकदा सांग. पाळणा न पोचल्यामुळं ती रागावली, म्हणून वाढतंय, असंही वाटायचं.

शेवटी एका मंगळवारी रजा मिळाली. मी, बायको, सोमू आणि पाळणा छातीशी धरलेली गोदामाय, असे आम्ही अकोल्याच्या एसटीत बसलो. फाट्यावर उतरायचं, पाळणा वाहायचा, नैवेद्य दाखवायचा आणि तीनच्या गाडीनं परत यायचं, एवढंच ठरलं होतं. फाट्यावर थांबणारी गाडी त्याआधी दुसरी नव्हती.

गाडी हलली तसा सोमू बायकोच्या मांडीवर झोपला आणि घोरायला लागला. पाठीमागच्या बाकावर एक जण शेंगा खात होता. तो म्हणाला, "ओ ताई, मशीन बसवली का पोट्ट्याच्या नाकात?" दोनचार जण हसले. गोदामायनं मान वळवली. "तुया बापाच्या नाकात बसवजो ते मशीन. लेकरू झोपलं हाय, तुले काय करायचं?" मग सगळी गाडीच हसली. माझी बायको खाली मान घालून बसली. तिला लाज वाटली होती.

कंडक्टर बाई होती. चाळिशीची, उंच, खाकी गणवेश, केसांना घट्ट अंबाडा. आमची तिकिटं देऊन ती पुढं गेली होती. पुढच्या चार बाकांची तिकिटं करून ती उलटी परत आली आणि आमच्याजवळ दांडा धरून उभी राहिली. मला वाटलं, तिकिटात काही चुकलं. ती सोमूकडं बघत होती.

"थांबला," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"श्वास थांबला याचा, दादा. पाहून राह्यले का तुम्ही?" आणि तिनं सरळ वाकून त्याच्या पोटावर हात ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्या वेळी त्याला हात लावला.

गोदामाय म्हणाली, "हात नोको लावू बाई. सटवाई खेळवून राह्यली."

ती बाई हसली नाही. शिकलेली माणसं अशा वेळी हसतात, ती हसली नाही. म्हणाली, "खेळवत असन माय. मी नाही कुठं म्हणतो? पण लेकरू खेळते तवा हासते. हा हासून राह्यला का?"

तेवढ्यात सोमूनं दचकून श्वास घेतला.

"माया बहिणीची पोरगी अशीच झोपे," कंडक्टरबाई म्हणाली. "आमी म्हणू, घोरते, गाढ झोपते. हे झोपणं नव्हे दादा, हे झुंजणं हाय. कोण्या डॉक्टरले दाखवलं?"

मी सगळं सांगितलं. जागं असताना नेलं होतं, थेंब दिले. ती म्हणाली, जागेपणी दाखवलं तर कुणालाच काही दिसत नाही, झोपेतलं दाखवायला पाहिजे. मग पुढच्या मोठ्या गावाच्या स्टँडावर गाडी दहा मिनिटं थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा तिनं बायकोला पोराचा सदरा वर घ्यायला सांगितलं आणि मला मोबाइल काढायला लावला. "छाती अन् पोट दोन्ही दिसू द्या. अन् आवाज आला पाहिजे." मग गाडीकडं तोंड करून ओरडली, "दोन मिनिटं कोणी बोलू नका रे! फोनवरचे गाणे बी बंद करा!"

गाडी गप्प झाली. तो शेंगावाला पुडी हातात धरून उठून उभा राहिला, पण शेंग फोडली नाही. सोमू घोरत होता आणि मग थांबला. ती बाई हळू आवाजात मोजत होती. एक, दोन, तीन. अकरापर्यंत गेली. मी मोबाइलच्या काचेत बघत होतो. रोज डोळ्यांपुढं घडणारं तेच, पण त्या चौकोनात मी ते असं पाहिलं जसं दुसऱ्या कुणाचं पोर आहे. आणि दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो, अहो याला न्या कुठंतरी! शेंगावाला म्हणाला, "च्यायचं, हे तं खरंच थांबते." त्याचा आवाज उतरला होता.

"फाट्यावर उतरू नका," कंडक्टरबाई मला म्हणाली. "सिद्दे अकोल्याले जा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरले हे दाखवा, आजच्या आज. तीनच्या गाडीची वाट पाहाल तं दवाखाना बंद होते."

गाडी पुन्हा निघाली. नवस बोललेला. पाळणा घेऊन निघालेलो. देवीच्या दारावरून न उतरता पुढं गेलो आणि तिनं राग धरला तर? आणि उतरलो, पाळणा वाहिला, अन् आज रात्री श्वास थांबला तो सुरूच झाला नाही तर? बायको माझ्याकडं बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघत म्हणत होतो, आई, काहीतरी खूण दे. वाटेत कापसाची शेतं, पांढरी झालेली, वेचणाऱ्या बायका, एक बैलगाडी. खूण काही दिसली नाही. निंबाचं झाड मात्र लांबूनच दिसायला लागलं.

कंडक्टरबाईनं दोरी ओढली, एक घंटा झाली. गाडी फाट्यावर थांबली. "बोला दादा. उतरता का जाता? गाडी उभी हाय."

मी सोमूकडं बघितलं, मग त्या झाडाकडं. सगळी गाडी माझ्याकडं बघतेय. तेवढ्यात गोदामाय उठली. पाळणा तिनं काखेत मारला, नैवेद्याचा डबा बायकोच्या पायाजवळून उचलला.

"नवस म्या बोलला, म्याच फेडतो," ती म्हणाली. "तुमी लेकराले घेऊन जा."

"माय, देवी कोपली तर?" मी विचारलं.

"कोपली तं मायावर कोपन. मी काय लहान हाव का आता?" दारापर्यंत जाऊन ती वळली. "अन् सातारकर, तिथं डॉक्टरम्होरं मुक्यावानी उभे राहू नका. बोलजा."

ती उतरली. दोन घंटा झाल्या आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून मी बघत होतो, ती रस्ता ओलांडून निंबाखाली चालली होती, एकटीच, पदर डोक्यावरून घेतलेला. मला जे ठरवता आलं नाही ते तिनं वाटून घेतलं. देवीकडचं तिनं घेतलं आणि पोराकडचं आमच्याकडं दिलं.

अकोल्यात दवाखाना मिळाला, डॉक्टर भेटले. सोमू तिथं जागाच होता आणि पुन्हा हसतच होता. या वेळी मी बोललो. मोबाइल पुढं केला. डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "किती दिवसांपासून?" आठ महिने म्हणताना मला भुईत जावंसं वाटलं. पण ते रागावले नाहीत. नाकाच्या मागं गाठ असते, ती वाढून हवेची वाट बुजली आहे म्हणाले, घशातल्या गाठीही मोठ्या आहेत. जागेपणी पोर तोंडानं निभावून नेतं, झोपेत सगळं सैल पडतं आणि वाट बंद होते. त्यांनी भरती करून घेतलं. बोटाला चिमटा लावला, सोमू झोपला की यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा खाली जायचा आणि घंटी वाजायची. आता ती घंटी ऐकून माणसं पळत यायची. हात जोडून बसायची वेळ संपली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्सनं त्याला माझ्या कडेवरून घेतलं. तो रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी धरली आणि मजेत आत गेला. भूल देणार, म्हणजे मुद्दाम झोपवणार. ज्या झोपेला आम्ही आठ महिने भ्यालो त्याच झोपेत त्याला दुसऱ्याच्या हातात द्यायचं. बायको भिंतीला टेकून पुटपुटत होती. मला एक स्तोत्र आठवेना, आरतीची ओळ आठवेना. मी एवढंच म्हणू शकलो, "आई, मला यातलं काही कळत नाही. तुझं तू बघ." आयुष्यात इतकं रिकामं होऊन मी कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं तरी कुठं, हातातलं सोडून दिलं म्हणा. आणि कसं सांगू, त्या बाकावर बसल्या बसल्या माझी छाती मोकळी झाली. कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

बघतो तर खरोखरच गोदामाय येऊन बसली होती. रात्री फोनवर कळवलं तशी तेल्हाऱ्याहून पहिल्या गाडीनं आलेली. पायाला चिखल, हातात शेवंतीची दोन फुलं.

"पाळणा वाहिला?" मी विचारलं.

"वाह्यला. तिले सांगतलं, बाई, तुले खेळवायचं तं जागेपणी खेळव. झोपीत नोको." मग तिनं फुलं मांडीवर ठेवली. "माया पह्यला पोरगा असाच झोपे," ती म्हणाली. "दीड वर्साचा होता. एक दिवस झोपला तो उठलाच नाही. सासू म्हणे, सटवाईनं नेला. म्या बी तसंच धरून चालली. नाही तं कशी जगली असती? सांगा."

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं ती जे धरून जगली, ते त्या फाट्यावर तिनं आमच्या पोरासाठी सोडलं होतं. नवस कुणी फेडला म्हणाल तर मला विचारा.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पहिला दिवस वाईट गेला. घसा दुखत होता, पाणी घेईना, रडत होता. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, धीर धरा. चौथ्या दुपारी तो नीट झोपला. आणि आम्ही तिघंही उठून बसलो, कारण आवाजच येत नव्हता. घोरणं नाही, ओढणं नाही. बायकोनं घाबरून त्याला हलवलंसुद्धा. त्यानं डोळे किलकिले केले, रागानं पाठ फिरवली आणि पुन्हा झोपला. तोंड मिटलेलं. मिटल्या तोंडानं झोपलेलं आपलं पोर मी पहिल्यांदा पाहत होतो. गोदामाय त्याच्या नाकाजवळ कान नेऊन किती वेळ तशीच वाकून बसली होती. मग म्हणाली, "चालू हाय. अगदी बारीक चालू हाय." आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून रडली.

ती कंडक्टरबाई मला दिवाळीनंतर अकोटच्या स्टँडवर दिसली. मी धावत गेलो, पाया पडायला वाकलो तर दचकून मागं सरली. तिला मी आठवत नव्हतो. सगळं सांगितल्यावर कपाळाला आठी घालून म्हणाली, "हा, हा. ते फाट्यावरची माय होती तेच का? म्या तं त्या दिवशी दुसऱ्याच्या बदली आलती त्या गाडीवर. माया रूट तो नाहीच." मग विचारलं, "पोट्टं बरं हाय ना?" मी हो म्हणालो. "मंग झालं," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवून गाडीत चढली.

मी त्या धुरळ्यात उभा होतो. ती बदलीवर कशी आली, त्याच दिवशी मला रजा कशी मिळाली, महिनाभर पडून राहिलेला पाळणा त्याच गाडीत कसा चढला, याचा हिशेब मी लावत बसत नाही. मी सातवी शिकलेला, माझ्यानं तो लागणारही नाही. मला एवढंच कळलं की देवीवर भार टाकायचा म्हणजे हात बांधून बसायचं नाही. आपल्या वाटचं दार उघडायचं, पोराला आत द्यायचं आणि मग मागं सरायचं. ज्यांच्या घरी लेकरू झोपेत असं घोरतं, थांबतं, त्यांनी नमस्कार जरूर करावा, पण त्याला उचलावं आणि दवाखान्यात न्यावं. देवी मधे येणाऱ्यावर रागावत नाही. त्या दिवशी मधे आलेली बाई तिनंच पाठवली होती, असं मी मानतो, आणि गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच हात जोडून उभा राहिलो.